लाकडातलं चमचाभर पाणी

अर्धा मीटर लांब, चाळीस सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशी स्प्रूस लाकडाची फळी तराजूत टाकली, तर ती साधारण २४० ग्रॅम भरते. हवेत ४५ टक्के आर्द्रता असतानाचं हे वजन. तीच फळी मुंबईच्या जुलैत छपराखाली, पण उघडी, आठवडाभर ठेवा आणि पुन्हा तोला. आता ती पंधरा-सोळा ग्रॅमनी जड झालेली असेल. तिच्यावर पावसाचा थेंब पडलेला नाही, हाताला ती ओली लागत नाही, रंगही बदललेला नाही. मोठा चमचाभर पाणी तिनं नुसत्या हवेतून ओढून घेतलं आहे. पट्टी लावून रुंदी मोजली, तर तीही चार मिलिमीटरनी वाढलेली सापडेल. लांबी मात्र होती तेवढीच.

अकूस्टिक गिटारची तबली म्हणजे हीच फळी. तारांची थरथर घोडीतून हिच्यात उतरते आणि पुढं हवा हलवायचं काम हीच करते. बाकीची गिटार बव्हंशी हिला धरून ठेवण्यासाठी असते. स्पेनमधल्या आंतोनियो दे तोरेस या कारागिरानं १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. तबली तेवढी खऱ्या लाकडाची. आवाज कुठून येतो हे त्याला दाखवून द्यायचं होतं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आता अडचण अशी, की आवाजासाठी सगळ्यात महत्त्वाचा असलेला हा भाग अगदी पातळ आहे, आणि हवेतल्या पाण्याला तोच सगळ्यात आधी बळी पडतो. गिटार बनवण्याची निम्मी विद्या ही या पाण्याला सांभाळण्याची विद्या आहे, असं मी ठामपणे म्हणेन. उरलेल्या निम्म्या विद्येवर पुस्तकं भरपूर आहेत. या निम्मीबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही, आणि तिचं नुकसान मात्र आपल्याच घराघरांत होतं.

लाकूड पाणी पितं म्हणजे नक्की काय होतं, ते आधी पाहू. लाकडाचा तुकडा म्हणजे झाडूच्या हिरांची घट्ट बांधलेली जुडी समजा. प्रत्येक हीर एक पोकळ पेशी, लांबट, झाडाच्या उंचीच्या दिशेनं उभी. ताज्या तोडलेल्या झाडात या पोकळ्यांतही पाणी असतं आणि पेशींच्या भिंतींतही. पोकळीतलं पाणी आधी निघून जातं, आणि ते जाताना लाकडाचा आकार बदलत नाही. लाकडाच्या कोरड्या वजनाच्या २८ ते ३० टक्के एवढं पाणी उरलं, की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती भरलेल्या. खरा खेळ इथून पुढं सुरू होतो. भिंतीतून पाणी निघू लागलं की भिंत बारीक होते आणि पाणी परत आलं की जाड होते. भिंतीतले सेल्युलोजचे धागे बहुतेक उभेच असतात आणि पाणी त्या धाग्यांच्या मधे शिरतं. म्हणून जुडी जाडजूड होते, पण लांब होत नाही. पावसाळ्यात घराचं दार चौकटीत अडकतं ते रुंदीला. वर किंवा खाली ते क्वचितच घासतं, त्याचं कारण हेच.

हा पाण्याचा हिशेब हवेशी जुळलेला असतो. हवेत ४५ टक्के आर्द्रता असेल तर लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाण्यावर स्थिरावतं. ८० टक्के आर्द्रतेत ते सोळा टक्क्यांपर्यंत चढतं. २५ टक्क्यांच्या कोरड्या हवेत साडेपाचच्या खाली उतरतं. लाकूड पन्नास वर्षांचं जुनं असलं तरी हा नियम सुटत नाही. ‘एकदा मुरलं की लाकूड हलत नाही’ असं सुतारकामात सर्रास बोललं जातं, आणि ते अर्धंच खरं आहे. मुरलेलं लाकूड पीळ कमी घेतं, अचानक तडकत नाही, पण ऋतूबरोबर श्वास घेणं ते कधीच थांबवत नाही.

आडव्या दिशेतही दोन प्रकार आहेत. झाडाच्या गाभ्याकडून सालीकडे जाणारी एक दिशा आणि वर्षवलयांना धरून फिरणारी दुसरी. अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचं सिटका स्प्रूस हे आज तबल्यांसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं लाकूड. ते ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत पहिल्या दिशेनं ४.३ टक्के आकसतं आणि दुसऱ्या दिशेनं ७.५ टक्के. म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट फरक. तबलीची फळी नेहमी अशी कापतात की वर्षवलयं तिच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी राहतील आणि रुंदीच्या वाट्याला तो कमी आकसणारा आकडा येईल. चांगल्या गिटारच्या तोंडावर ज्या बारीक, सरळ, समांतर रेषा दिसतात, त्या केवळ देखण्या म्हणून तशा ठेवलेल्या नसतात. असा काप काढताना ओंडक्यातलं बरंच लाकूड वाया जातं, आणि तबलीची किंमत वाढण्याचं ते एक मोठं कारण आहे. मग एकच जाड फळी मधून उभी चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि दोन पानं कण्याशी जोडतात. दोन्ही बाजू एकाच लाकडाच्या असल्यानं निदान हलतात तरी सारख्याच.

एवढं होऊनही फळी रुंदीला हलणारच. सुटी फळी हलली तर बिघडत नाही. गिटारमधली फळी सुटी नसते, सगळी गोची तिथं आहे. तिच्या कडा चारी बाजूंनी चिकटवलेल्या असतात. आतून तिला आधाराच्या पट्ट्या असतात. पोलादी तारांच्या गिटारमध्ये त्यातल्या दोन मुख्य पट्ट्या फुलीच्या आकारात एकमेकींना छेदतात. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या गिटारींत ही रचना १८४०च्या दशकात आली आणि पुढं जगानं तीच उचलली. या पट्ट्यांचे तंतू तबलीच्या तंतूंना तिरके किंवा आडवे जातात. घोडीचंही तसंच, तिचे तंतू तबलीला थेट काटकोनात असतात. तबली रुंदीला वाढू पाहते आणि तिच्या पोटाशी चिकटलेली पट्टी लांबीला जराही वाढायला तयार नसते. वर सहा तारांचा मिळून सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ताण घोडीला सतत ओढत असतो. अशा वेळी तबलीला जायला एकच जागा उरते. दमट हवेत ती वर फुगते, कोरड्या हवेत खाली बसते, आणि बसायलाही जागा उरली नाही की तंतूंच्या रेषेत फाटते.

म्हणून कारखान्यात सगळ्यात मोठा प्रश्न असतो तो हा, की पट्टी आणि तबली एकमेकींना चिकटल्या त्या क्षणी खोलीतली हवा कशी होती? त्या क्षणाची हवा गिटारच्या अंगात कायमची कोरली जाते. पुढं आयुष्यभर ती गिटार त्याच हवेच्या तुलनेत फुगते किंवा आकसते. जगभरचे बहुतेक कारखाने आणि एकेकटे काम करणारे कारागीर ही हवा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे धरतात. मार्टिन कंपनी गिऱ्हाइकालाही गिटार ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायला सांगते.

पट्ट्या चिकटवण्याचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. टेबलावर एक जाड गोल ताटली असते, वरचा भाग किंचित खोलगट कोरलेला. साडेआठ मीटर त्रिज्येच्या गोलाचा तो इवलासा तुकडा. नजरेला ती सपाटच वाटते, पण पोलादी पट्टी आडवी ठेवून पलीकडे दिवा धरला की मधे उजेडाची एक चंद्रकोर दिसते. चाळीस सेंटिमीटरच्या रुंदीत मधला खोलगा सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा. तबली या ताटलीत पालथी ठेवतात. पट्टीचा तळही त्याच वळणानं रंध्यानं आणि सँडपेपरनं घासून आणलेला असतो. तळाला सरळ रेघेत डिंक लावायचा, पट्टी जागेवर बसवायची आणि टेबलाच्या वर बसवलेल्या फळीपासून पट्टीपर्यंत लवचीक काड्या वाकवून अडकवायच्या. काडी सरळ व्हायला बघते, तोच तिचा दाब. अशा वीस-पंचवीस काड्या उभ्या राहिल्या की टेबलावर वेताचं रान उगवल्यासारखं दिसतं. पट्टीच्या दोन्ही कडांनी डिंकाचे बारीक मणी सारख्या अंतरावर बाहेर आले, की दाब सगळीकडे पोचल्याची खूण पटते. दुसऱ्या दिवशी काड्या निघतात आणि तबली ताटलीचा बाक घेऊनच उचलली जाते.

तो सव्वादोन मिलिमीटरचा बाक हा गिटारचा विमा आहे. हवा कोरडी झाली की फाटण्यापूर्वी तबली हा बाक खर्च करते, सपाट होते. तोरेसच्या गिटारींच्या तबल्याही अशाच किंचित घुमटाकार असत. काळजी घेणारे कारागीर चिकटवण्याआधी तबली आणि पट्ट्या कित्येक दिवस त्याच खोलीत ठेवतात आणि रोज तोलतात. वजनाचा काटा हलायचा थांबला, म्हणजे लाकूड खोलीच्या हवेशी जुळलं. मग काम. काही जण तर खोली मुद्दाम आणखी दोन-पाच टक्के कोरडी करून घेतात. त्यामागचं तर्कशास्त्र साधं आहे आणि गिटार घेणाऱ्या प्रत्येकानं ते समजून घ्यावं असं मला वाटतं. कोरड्या हवेत बांधलेली गिटार दमट हवेत गेली तर फुगेल, तारा वर उचलतील, आवाज बसेल, पण हवा सुधारली की बहुतेक वेळा ती पूर्ववत होईल. दमट हवेत बांधलेली गिटार कोरड्या हवेत गेली तर तडा पडेल, आणि तडा हवा बदलून भरून येत नाही. मुंबई-गोव्याच्या ऑगस्टमध्ये उघड्या खिडकीशेजारी पट्ट्या चिकटवलेली गिटार कितीही सुबक दिसो, ती नागपूरच्या एप्रिलला तोंड देऊ शकणार नाही.

पाणी नेहमी वैरीच असतं असंही नाही. गिटारच्या कंबरेचं वळण पाण्याशिवाय येत नाही. बाजूची पट्टी दोन-सव्वादोन मिलिमीटर जाड. ती पाण्यानं भिजवतात आणि तापलेल्या धातूच्या नळीवर, सुमारे १५० अंशांवर, हलक्या हातानं दाबत झुलवतात. नळीवर पाणी चर्र करतं, वाफ लाकडात शिरते, तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं आणि मग एका क्षणी पट्टी हाताखाली एकदम सैल होते. ज्यांनी हे केलं आहे ते सांगतात, की तो क्षण डोळ्यांना नव्हे, तळहाताला कळतो. घाई केली तर कटकन मोडते. वाकलेली पट्टी लगेच साच्यात बांधून काही दिवस तशीच ठेवतात, कारण आत शिरलेलं पाणी पूर्ण निघाल्याशिवाय तिचा आकार पक्का होत नाही. ओलसर पट्टीवर तबली चढवली तर पुढचं सगळं मोजमाप चुकलंच म्हणून समजा.

डिंकाचं आणि पॉलिशचं थोडक्यात सांगतो. जुना सरस गरम आणि ओल्या हवेत सुटू शकतो. दुरुस्तीला तो सोयीचा, कारण कोमट सुरीनं सांधा उघडता येतो. किनाऱ्यावर मात्र तो पेलणं अवघड. हल्लीचे लाकडाचे डिंकही ६५-७० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, म्हणून मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार ठेवू नये. घोडी उपटून येते. नायट्रोसेल्युलोज लॅकर पावसाळ्यात फवारलं तर दुधाळ होतं, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि त्यावर हवेतली वाफ जमते. पॉलिशमुळे गिटार हवेपासून वाचते हाही गैरसमज आहे. पॉलिश पाण्याचा वेग कमी करतं, त्याला अडवत नाही. शिवाय ते फक्त बाहेरून असतं. गिटारच्या आतलं लाकूड परंपरेनं कोरंच ठेवतात, आणि ध्वनिछिद्र तर सदा उघडं.

आता एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यायला हवं. गिटार आणि आर्द्रता या विषयावर जे काही छापलं आणि सांगितलं जातं, त्यातलं बहुतेक थंड देशांतून आलेलं आहे. मार्टिनचा कारखाना पेनसिल्व्हेनियातल्या नॅझरेथ गावात आहे. सॅक्सनीतल्या मार्कन्युकिर्खेनमधून आलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिननं १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये दुकान काढलं आणि काही वर्षांत तो नॅझरेथला गेला. तिथल्या हिवाळ्यात बाहेर शून्य अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असली, आणि तीच हवा घरात घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता उरते फक्त २० टक्के. हवेतली वाफ तेवढीच, पण गरम हवेची वाफ धरण्याची ताकद चौपट झालेली. म्हणून त्या देशांत गिटारवाल्याला हिवाळ्याची धास्ती. ध्वनिछिद्रात ओला स्पंज लटकवा, पेटीत आर्द्रता वाढवणारी डबी ठेवा, हा तिकडचा सल्ला आणि तिकडे तो अगदी बरोबर आहे. तो जसाच्या तसा उचलून दादरच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैत गिटारमध्ये ओला स्पंज सोडणं म्हणजे आधीच फुगलेल्या तबलीला आणखी पाणी पाजणं.

आपल्याकडे एकाच राज्यात दोन-तीन हवामानं नांदतात. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळाभर आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांत असते आणि बाकीच्या वर्षातही ती फारशी कोरडी होत नाही. तिथली तक्रार फुगण्याची. गिटार दुरुस्त करणाऱ्यांकडे पावसाळ्यात तीच तक्रार घेऊन लोक येतात. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दोन-अडीच मिलिमीटर असायला हवी, ती साडेतीनवर गेलेली असते. घोडीच्या मागं तबलीला पोट आलेलं असतं. बोटं दुखतात. सूर मेणचट लागतात, कारण पाणी प्यालेलं लाकूड जड होतं, नरम होतं आणि कंपनं आतल्या आत जिरवतं. अशा वेळी खोगीर, म्हणजे घोडीवरची हाडाची पट्टी, घासून तारा खाली आणून देणारे काही कमी नाहीत. हिवाळ्यात तबली खाली बसली की त्याच तारा फ्रेटवर खणखणू लागतात, आणि घासलेलं हाड काही परत वाढत नाही. पावसाळ्यात खोगीर घासू देऊ नका. आधी गिटार आठ-पंधरा दिवस कोरड्या जागी ठेवून पाहा.

घाट चढला की चित्र पालटतं. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. विदर्भात त्याहूनही खाली. तिथं तबली बसते, फिंगरबोर्ड रुंदीला आकसतो आणि फ्रेटची टोकं दोन्ही कडांनी बाहेर डोकावून बोटांना टोचू लागतात. ही पहिली खूण. पाठीच्या मधल्या सांध्यावर बारीक रेघ दिसू लागली, तर ती दुसरी. तडे बहुधा ठरलेल्या जागी पडतात. एक फिंगरबोर्डच्या टोकाच्या अगल्याबगल्याला, कारण तिथं तबली घट्ट जखडलेली असते आणि तिला आकसायला वाव नसतो. दुसरा घोडीपासून खाली शेपटीकडे. तडा पडलाच तर लगेच डिंक भरायचा नसतो. आधी गिटारला हळूहळू पाणी परत द्यायचं, तडा आपसूक मिटत येईपर्यंत थांबायचं, मग डिंक, आणि आतून स्प्रूसचे छोटे चौकोनी तुकडे तडा ओलांडून आडवे चिकटवायचे. विदर्भातल्या घरांत आणखी एक भानगड असते. रात्रभर कूलर चालतो तेव्हा खोली दमट, सकाळी बंद केला की दुपारपर्यंत खडखडीत कोरडी. एकाच उन्हाळ्यात गिटार असे शंभरावर हेलपाटे खाते. कूलरच्या खोलीत भिंतीवर टांगलेली गिटार मला बघवत नाही.

या सगळ्यात आपला संबंध केवळ ग्राहकाचा नाही. ब्राझीलनं ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं आणल्यावर मार्टिननं १९६९ साली पाठ आणि बाजूंसाठी ब्राझिलियन रोजवूड सोडून भारतीय रोजवूड घेतलं. हे आपलं शिसवी लाकूड. आजीच्या माजघरातला काळसर, जड पलंग ज्याचा असायचा तेच. कर्नाटक, केरळ, तमिळनाडूच्या डोंगरांतून ते जगभरच्या गिटार कारखान्यांत जातं. जगानं शिसवीला आपलंसं केलं त्यामागं आवाज आहेच, पण तिचा शांत स्वभावही आहे. ओल्यापासून पूर्ण कोरडी होईपर्यंत ती गाभ्याच्या दिशेनं फक्त २.७ टक्के आकसते. सिटका स्प्रूसच्या ४.३ शी ताडून पाहिलं की तिचं मोल कळतं. २०१७च्या जानेवारीत शिसवीसह सगळ्या रोजवूडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांची अट आली आणि वाद्यं घेऊन प्रवास करणाऱ्यांची तारांबळ उडाली. २०१९च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली.

वाद्याचं लाकूड हवेपासून जपण्याची विद्या आपल्या मातीत नव्यानं आणायचीही गरज नाही. मिरजेत शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केलेली सतार-तंबोऱ्यांची परंपरा अजून चालू आहे, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथंही तबली पातळ, तिथंही घोडी, तिथंही भोपळा आणि तुणीचं लाकूड नीट वाळल्याशिवाय कामाला हात लागत नाही. महाराष्ट्रात ज्यांना गिटार बनवायला शिकायचं आहे, त्यांनी परदेशी पुस्तकांबरोबर मिरजेतही काही महिने काढावेत. लाकूड वाळलं की नाही हे हातानं आणि कानानं ओळखणारी माणसं तिथं आहेत.

लाकडाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न झाले आणि ते हास्यास्पद नाहीत. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ साली ओव्हेशन गिटार काढली, तिची पाठ कृत्रिम पदार्थाची, वाडग्यासारखी गोल. हवाई बेटांतल्या माउईच्या दमट हवेत जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञानं सबंध गिटारच कार्बन फायबरची केली. तिला पावसाची तमा नाही. कमी प्राणवायूत लाकूड भाजून काढण्याची पद्धतही आता रुळली आहे. त्यात लाकडातला पाणी धरून ठेवणारा हेमीसेल्युलोज हा घटक बराचसा नष्ट होतो आणि तबली कमी हलते. पैसे असतील तर किनाऱ्यावरच्या वादकानं हा पर्याय जरूर पाहावा. आणि नवशिक्यानं, विशेषतः मुंबई-गोव्यातल्या, प्लायच्या तबलीची गिटार घ्यायला कमीपणा मानू नये. तिचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यानं ती जवळपास हलत नाही. अखंड लाकडाच्या तबलीचा आवाज सरस असतो, यात वाद नाही. पण पावसाळ्यात पोट आलेल्या अखंड तबलीपेक्षा सरळ राहिलेली प्लायची गिटार शिकायला कितीतरी चांगली.

ज्यांना घरी किंवा छोट्या कार्यशाळेत गिटार बनवायची आहे, त्यांनी खर्चाला घाबरू नये. सगळी कार्यशाळा कोरडी ठेवायची गरज नाही. कापणं, घासणं, फिंगरबोर्डच्या खाचा पाडणं दमट हवेत चालतं. तबली आणि पाठ जुळवणं, त्यांना पट्ट्या लावणं आणि खोका बंद करणं, एवढ्याच कामांना कोरडी हवा लागते. त्यासाठी एसी किंवा आर्द्रताशोषक यंत्र बसवलेली एक लहान खोली पुरते. तेही जमत नसेल तर प्लायचं एक कपाट आणि त्यात तारेचा जुन्या पद्धतीचा दिवा. बाहेर २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना कपाटातली हवा ३८ अंशांवर गेली, की आर्द्रता ४६ टक्क्यांवर येते. लाकूड त्यात आठवडाभर ठेवायचं, रोज तोलायचं, दिवा लाकडापासून दूर आणि जाळीआड ठेवायचा. बाहेर काढलं की मात्र रेंगाळायचं नाही. पातळ फळी काही तासांतच पाणी परत घ्यायला लागते. दुसरं साधन याहून स्वस्त आहे. स्प्रूसच्या दोन पातळ पट्ट्या घ्यायच्या, एकीचे तंतू लांबीला, दुसरीचे रुंदीला, आणि हवा ४५ टक्के असताना त्या एकमेकींवर चिकटवून खिळ्याला टांगायच्या. हवा दमट झाली की ती जोडपट्टी एका बाजूला वाकते, कोरडी झाली की दुसऱ्या. सरळ लोंबत असेल त्या दिवशी पट्ट्या चिकटवा.

बाकी सगळ्यांसाठी आकड्याचं यंत्र, म्हणजे हायग्रोमीटर. काही शे रुपयांत मिळतं. स्वस्त यंत्रं बरीच चुकतात, म्हणून आणल्या आणल्या ते तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घेऊन त्यावर थोडंसं पाणी घाला, मीठ विरघळू नये, नुसतं चिखलासारखं ओलं व्हावं. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी यंत्रानं ७५ दाखवायला हवेत. ७० दाखवले तर ते पाच कमी दाखवतं एवढं लक्षात ठेवा आणि पुढं नेहमी पाच मिळवा. मग ते खोलीत नाही, गिटारच्या पेटीत ठेवा, कारण गिटार तिथं राहते. पेटी कापडी पिशवीपेक्षा कितीतरी पटीनं चांगली, आणि एसीच्या झोतासमोर किंवा बाहेरच्या भिंतीला टांगून ठेवणं सगळ्यात वाईट.

पाऊस परतला की घाटावर हवा कोरडी पडायला लागते. पावसाळ्यात फुगलेल्या गिटारी याच दिवसांत आकसायला लागतात आणि पुढचे सहा-सात महिने आकसतच जातात. पुणे, नाशिक, संभाजीनगर, नागपूरकडच्या वाचकांनी पेटीतला आकडा आठवड्यातून एकदा पाहावा. तो ४० च्या खाली उतरला, की आर्द्रता राखणारी ४९ टक्क्यांची पाकिटं किंवा साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत पिळून घेतलेला ओलसर स्पंज पेटीत ठेवावा, लाकडाला न टेकता. मुंबई, कोकण, गोव्यातल्यांनी तसं काही करू नये. त्यांनी सिलिका जेलची पुडी भाजून कोरडी करून ठेवावी आणि जूनची वाट पाहावी. आणि मुंबईहून नागपूरला गिटार भेट पाठवणार असाल, तर पेटीत हायग्रोमीटर टाकूनच पाठवा.